आधी थांबायला शिका!

‘ती काय, हरणासारखी पळते. तिच्या अंगातच आहे ते.’ शाळेच्या स्पर्धांत, जत्रेतल्या सामन्यांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्याच्या जोडीला दुसरंही ठरलेलं असतं, ‘आमची पोरगी बाई जडच. तिला नाही जमायचं.’ दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. चपळाई ही जन्मजात देणगी, कुणाला मिळते, कुणाला नाही. त्यात आपण काय करणार?

तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवते, त्याला आता अठरा वर्षं झाली. त्याआधी स्वतः खो-खो खेळले. इतक्या वर्षांत शेकडो मुली माझ्या डोळ्यांदेखत मैदानावर आल्या. त्यातल्या काही उपजतच चपळ होत्या, नाही असं नाही. पण बहुतेकींची चपळाई घडवलेली होती. आणि ती घडवायची सुरुवात पळण्यापासून होत नाही, थांबण्यापासून होते, हे माझं ठाम मत आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येकींनी शाळेत खो-खो खेळलेला असेल. जरा आठवून पाहा. मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या पाटीवर आठ जणी एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेल्या. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारीला मात्र सगळं चालतं. म्हणजे पळणारीचं खरं भांडवल तिचा वेग नाही, तिचं वळणं आहे. ती फार तर आठ-दहा पावलं सरळ पळते. मग थबकते, हुलकावणी देते, उलटी फिरते, पुन्हा सुटते. साखळी पळताना तर दर दोन-तीन पावलांना दिशा बदलते. जिला झटकन थांबता येतं तीच पाटीवर टिकते. नुसती जोरात पळणारी सगळ्यात आधी बाद होते.

याचं कारण सोपं आहे. ज्या सायकलला ब्रेक लागत नाही, ती उतारावर जोरात कोण सोडेल? शरीराचंही तसंच. पुढे आपल्याला थांबता येणार नाही हे शरीराला ठाऊक असतं, त्यामुळे ते आधीपासूनच हात राखून पळतं. ब्रेक पक्का झाला, की तीच मुलगी बिनधास्त सुटते. बघणारे म्हणतात, हिचा वेग वाढला!

थांबण्यासाठी लागणारी ताकदही जरा वेगळी असते. जेजुरीचा गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना मात्र तो ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो. पळता पळता थांबणं, उडीनंतर जमिनीवर येणं, खांबाशी वळणं ही सगळी या दुसऱ्या प्रकारची कामं. आपल्या मुलींना नेमकी हीच ताकद कुणी शिकवत नाही. ‘पळा, दहा चकरा मारा’ म्हणून सोडून देतात.

गुडघ्याची भीती

एका स्पर्धेत दुसऱ्या एका संघातली मुलगी खांबाशी वळली आणि खाली बसली. कुणी ढकललं नव्हतं, कुणाचा पाय लागला नव्हता. पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला, गुडघा आत वळला आणि ‘टक्’ असा आवाज झाला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये दिसलं, की गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटलाय. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून आत असलेली ती दोरी. शस्त्रक्रिया झाली, तरी अशा दुखापतीनंतर किमान नऊ महिने मैदानावर उतरू नये असं तज्ज्ञ सांगतात. ही मुलगी नऊ महिन्यांनंतरही आली नाही. घरच्यांनी खेळ बंद केला होता.

लहान गावात अशी बातमी लपून राहत नाही. आठवड्याभरात माझ्या संघातल्या नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली.

‘‘मॅडम, पोरगी चांगली खेळते, मला कळतं हो. पण उद्या हिचा गुडघा गेला तर? हिचं लग्न करायचंय. पाहुणे विचारतील, ही लंगडते का म्हणून. त्यापेक्षा आत्ताच बास करते.’’

‘‘ताई, तुमची काळजी खोटी नाही,’’ मी म्हणाले. ‘‘पण एक करा. काढायच्या आधी आठ दिवस सरावाला येऊन बघा. मग ठरवा.’’

त्या खरंच आल्या. भाजीची पिशवी घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी न राहवून त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, पंधरा मिनिटं झाली, या पोरी पळत का नाहीत? नुसत्या उड्या मारून थांबतायत.’’

तेच तर खरं काम चाललं होतं!

त्या माऊलीच्या भीतीला शास्त्राचा आधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. गुडघ्याच्या या अस्थिबंधाच्या बहुतेक दुखापती कुणाचा धक्का न लागता होतात, वळताना नाहीतर उडीनंतर खाली येताना. आणि अचानक थांबणं-वळणं असणाऱ्या खेळांत मुलींना हा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त असतो. कारणं बरीच आहेत, पण एक समजून घेण्यासारखं आहे. अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमाराला मुलगी झपाट्यानं वाढते. पाय लांब होतात, वजन वाढतं. मुलांमध्ये या वाढीबरोबर स्नायूंची ताकदही आपसूक पुष्कळ वाढते. मुलींमध्ये ती तेवढी वाढत नाही. म्हणजे गाडी मोठी झाली, ब्रेक मात्र जुनेच राहिले. सहावीत वाऱ्यासारखी पळणारी मुलगी आठवीत अडखळायला लागते ती यामुळे. आपण मात्र म्हणतो, ‘वयात आली, आता अंग जड झालं.’ आणि ती स्वतःच मैदानाच्या कडेला जाऊन बसते.

यावर इलाज आहे आणि तो महागडा नाही. २००८ साली नॉर्वेमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुली त्यात होत्या. काही क्लबमधल्या मुलींनी सरावाआधी वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम केले. त्यात पळणं होतं, ताकद, तोल आणि उडीनंतर नीट उतरणं होतं. बाकीच्यांनी नेहमीसारखाच सराव केला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये एकूण दुखापती जवळपास एक-तृतीयांशानं कमी झाल्या आणि गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्यावर आल्या. त्यानंतर अशा व्यायामांवर बरेच अभ्यास झाले. मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती त्यामुळे साधारण निम्म्यानं कमी होतात, असं त्यांतून दिसतं.

म्हणजे जे व्यायाम गुडघा वाचवतात, तेच थांबणं-वळणंही सुधारतात. मुलीला खेळातून काढणं हा त्या भीतीवरचा एकमेव उपाय नाही.

उठाबशा म्हणजे शिक्षा नव्हे

पहिली गोष्ट ताकद. आपल्याकडे उठाबशा म्हणजे शिक्षा. गृहपाठ केला नाही, धर कान, काढ पन्नास! त्यामुळे मुलींना त्यांचा तिटकारा बसतो. खरं म्हणजे पायांच्या ताकदीसाठी उठाबशीसारखा व्यायाम नाही. मात्र ती मोजून नाही, नीट काढायची. पाय खांद्याइतके लांब. टाचा जमिनीला चिकटलेल्या. मागे पाट ठेवलाय आणि त्यावर बसायचंय असं समजून, मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली यायचं आणि एका आकड्यात वर. गुडघे पावलांच्या दिशेनंच वाकले पाहिजेत, एकमेकांकडे झुकता कामा नयेत. अशा दहा उठाबशा, मध्ये विश्रांती घेऊन तीनदा. सोप्या वाटायला लागल्या, की छातीशी धान्याची पिशवी धरायची. दोन किलोपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत न्यायचं.

दुसरा व्यायाम पायरीचा. एका पायावर पायरीवर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत सावकाश खाली उतरायचं. समोर आरसा असेल तर उत्तम. गुडघा आत झुकला की लगेच दिसतं. तिसरा मांडीच्या मागच्या स्नायूंचा. गुडघ्यांवर उभं राहायचं, मैत्रिणीनं मागून घोटे घट्ट धरायचे आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकायचं. शेवटी हात टेकायचे. हा अवघड आहे. तीन-चार वेळा जमला तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. या स्नायूकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, पण नडगी पुढे घसरू नये म्हणून अस्थिबंधाला तोच मदत करतो.

‘पोरीचे दंड पैलवानासारखे होतील’, ‘उंची खुंटेल’ असं बायका मला विचारतात. दोन्ही भीती निराधार आहेत. बघणारं कुणी जाणतं असेल आणि वजन बेताबेतानं वाढवलं, तर अशा व्यायामानं उंची खुंटत नाही. उलट वाढत्या वयात हाडं बळकट होतात. पाळीच्या दिवसांतही मुलीला बरं वाटत असेल तर खेळायला काहीच हरकत नाही. दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. ते तिचं तिला ठरवू द्यावं. आणि आणखी एक. आठवी-नववीतल्या कित्येक मुली नीट आधार देणारी अंतर्वस्त्रं नाहीत म्हणून पळायला लाजतात. खेळासाठीची ब्रा ही चैन नाही, बुटांइतकीच ती गरजेची वस्तू आहे. हे आईनंच बघायला हवं.

आजीचं उकिडवं बसणं

दुसरी गोष्ट सांधे मोकळे असण्याची. आपल्या आज्या चुलीपुढे, धुण्याच्या दगडापाशी तासन्‌तास उकिडव्या बसत. आताच्या मुली बाकावर बसतात, सोफ्यावर बसतात. संडासही कमोडचा. त्यांना उकिडवं बसायला सांगितलं, की टाचा वर उचलल्या जातात नाहीतर त्या मागे पडतात. खो-खोत पाटीवर उकिडवं बसूनच ‘खो’ मिळायची वाट बघायची असते, तिथूनच झेपावायचं असतं. घोटा ताठर असेल तर ते जमत नाही. वळतानाही घोटा पुरेसा वाकला नाही, की ती उणीव गुडघा भरून काढायला बघतो आणि आत झुकतो.

घरी करून बघा. अनवाणी भिंतीसमोर उभं राहा. पायाचा अंगठा आणि भिंत यांत साधारण दहा सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्यासकट तळहाताच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत असेल तर छान. नसेल तर रोज दोन्ही पायांनी दहा-पंधरा वेळा हाच व्यायाम करा. भिंतीच्या थोडं जवळ उभं राहून सुरुवात करायची आणि हळूहळू मागे सरकायचं. दूरदर्शन बघताना दोन-तीन मिनिटं दाराची चौकट धरून उकिडवं बसा, फार फरक पडतो. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. आणि खेळायच्या आधी एकाच स्थितीत मिनिट मिनिट ताण देत थांबू नये. त्यानं स्नायूचा जोर तेवढ्यापुरता कमी होतो. आधी हालचालीचे व्यायाम, लांब ताण नंतर.

कान देऊन ऐका

तिसरी गोष्ट सराव. ताकद आली, सांधे सुटले, तरी मैदानावर ते आपोआप उतरत नाही. थांबणं हे सायकल चालवण्यासारखं, करून करूनच येतं.

मी मुलींना सगळ्यात आधी उडी मारून खाली यायला शिकवते. सूचना एकच देते, ‘‘मांजरासारखं उतरा. मला आवाज आला नाही पाहिजे.’’ ‘गुडघे वाकवा, कंबर मागे घ्या, छाती वर’ असं सांगत बसलं तर पोरी गोंधळतात. आवाज करायचा नाही म्हटलं, की गुडघे आणि कंबर आपोआप वाकतात. हालचाल शिकताना स्वतःच्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर लवकर जमतं, असं अनेक प्रयोगांतून दिसलं आहे.

दोन पायांवर जमलं, की एका पायावर. मग सावकाश पळत येऊन शिट्टी वाजली की तीन पावलांत थांबायचं. मग दोन पावलांत. थांबताना कंबर खाली, पावलं लहान लहान. मग तिरपं वळायचं, मग पूर्ण उलटं फिरायचं. शेवटी मी हातानं दिशा दाखवते आणि मुलगी आयत्या वेळी त्या दिशेला वळते. सामन्यात समोरची कुठे झेपावणार हे आधी माहीत नसतंच. हे सगळं सरावाच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना करायचं. दमलेल्या पायांनी शिकलेली हालचाल वेडीवाकडीच मुरते. आणि धीर धरायला हवा. आठवड्यातून तीनदा केलं तर सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो. मात्र सोडून दिलं की तो फरक हळूहळू ओसरतो.

एक इशारा. पाय मुरगळून गुडघा काही तासांतच सुजला, तर मालिश करू नका, चोळू नका, ‘बसवून’ घेऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ताटातलं बळ

व्यायामानं स्नायू घडतात ते खाल्लं तर. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडं, हे मुलीच्या ताटात भावाइतकंच पडायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. चार चकरांत धाप लागणारी मुलगी आळशी असेलच असं नाही. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा.

आपल्यासाठीसुद्धा

कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या त्या ताईंनी मुलीला खेळातून काढलं नाही. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे ते उठणं-बसणं माझ्यासारखीला चालेल का? जिना उतरताना कठडा धरावा लागतो.’’

चालेल काय, हवंच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मोठ्या माणसांनीही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. मुलांनी निदान तीन दिवस. जिना उतरणं, एसटीतून उतरणं, ओल्या फरशीवर घसरता घसरता सावरणं, हे सगळं ब्रेकचंच काम आहे. खुर्चीवर हळूहळू बसा आणि हातांचा आधार न घेता उठा, दहा वेळा. ओट्याला हात लावून टाचा वर-खाली करा. दूध तापेपर्यंत एका पायावर उभ्या राहा. वेगळा वेळ काढावाच लागत नाही.

मैदान आपलंही आहे

धाराशिवच्या सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तो सामना पाहिला असेल तर त्यांचे पाय आठवा. पूर्ण वेगात असताना त्या थबकतात, खाली झुकतात आणि उलट्या सुटतात. त्यामागे असा रोजचा, कंटाळवाणा, बिनआवाजाचा सराव असतो.

तुमची मुलगी देशासाठी खेळेल की नाही, कोण सांगणार? पण तिचं शरीर तिच्या ताब्यात आहे, ते धावतं, वळतं, सावरतं, हा विश्वास तिला आयुष्यभर पुरतो. म्हणून एवढंच करा. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गणिताच्या मार्कांबरोबर खेळाच्या शिक्षकांनाही एक प्रश्न विचारा, ‘‘सरावाच्या आधी मुलींना उतरायला आणि थांबायला शिकवता का?’’ शिकवत नसतील तर हे पान कापून त्यांच्या हातात द्या. लागतं काय, वीस मिनिटं, एक पायरी आणि एक शिट्टी.